पुस्तक प्रकाशकाला द्यायचे की स्वतः काढायचे?

हस्तलिखित तयार असलेल्या लेखकांसाठी

आम्ही अक्षरजुळणी, मांडणी, मुद्रितशोधन (छापण्याआधी मजकुरातल्या चुका सुधारणे) आणि छपाईचे काम करतो. आम्ही प्रकाशक नाही. तुम्ही पुस्तक स्वतः काढलेत तर काम आम्हाला मिळते, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचा.

एजंट लागतो का?

मराठीत नाही. इंग्रजीतल्या मोठ्या प्रकाशनांकडे एजंटमार्फत जातात आणि तो लेखकाच्या मिळकतीतून साधारण १५ टक्के घेतो. मराठी प्रकाशकाला लेखक स्वतःच लिहितो. एक पानाचा परिचय, अनुक्रमणिका आणि दोन-तीन पूर्ण प्रकरणे पुरतात. पाठवण्याआधी त्या प्रकाशकाच्या पुस्तकांची सूची नीट चाळा. जो कवितासंग्रह काढतच नाही त्याच्याकडे कविता पाठवल्या, तर नकार कळण्यातच काही महिने जातात.

पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचे नियम आधी पाहा. ती योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. घाईने स्वतः छापून मोकळे झालात की ही वाट बंद होते.

पैशांचा हिशेब

उदाहरणादाखल डेमी आकाराचे (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) १६० पानी पुस्तक घेऊ. ५०० प्रती, किंमत २५० रुपये. शोधन, मांडणी, मुखपृष्ठ यांचे २० हजार आणि कागद-छपाई-बांधणीचे ४० हजार धरा. एकूण ६० हजार.

दुकानदार किंवा वितरक ४० टक्के कमिशन घेतो असे धरले तर प्रतीमागे हातात १५० रुपये येतात. म्हणजे ४०० प्रती खपेपर्यंत तुम्ही फक्त घातलेले पैसे परत मिळवत असता. सगळ्या ५०० खपल्या तरी उरतात १५ हजार. प्रकाशकाने किमतीच्या १० टक्के मानधन दिले आणि तेवढ्याच प्रती विकल्या, तर तुम्हाला एक पैसा न घालता १२,५०० मिळतात. दुकानांच्या भरवशावर स्वतः पुस्तक काढण्यात फायदा जवळजवळ नाही. त्यातच दुकानांत माल बहुधा उधारीवर जातो, वसुली तुम्हालाच करावी लागते आणि न खपलेल्या प्रती परत येतात.

प्रत थेट वाचकाच्या हाती, पूर्ण किमतीला दिलीत तर मात्र २४० प्रतींतच ६० हजार वसूल होतात. म्हणून आमचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: तुमच्याकडून थेट पुस्तक घेतील अशी माणसे किती? व्याख्याने देणारे, शिकवणी घेणारे, एखाद्या गावाचा किंवा कुळाचा इतिहास लिहिणारे, आपल्या पेशावर लिहिणारे यांनी जरूर स्वतः काढावे. कादंबरी आणि कथासंग्रहाला अनोळखी वाचक लागतो. तिथे आधी प्रकाशकाकडे प्रयत्न करा.

खात्री नसेल तर डिजिटल छपाईने १०० प्रती काढा. प्रतीमागे खर्च जास्त पडतो, पण घरात गठ्ठे साचत नाहीत. वरच्या पुस्तकाच्या ५०० प्रतींचे वजन ९०-९५ किलो भरते.

कुठे बिघडते

सर्वांत जास्त चुका फॉन्ट बदलताना होतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणला की ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ‘दऱ्या’ लिहिले असेल तिथे ‘दर्या’ छापले जाते, ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते. दोन्ही शब्द बरोबर असल्याने संगणक चूक दाखवत नाही. रूपांतर झाल्यावर पूर्ण मजकूर माणसानेच वाचायला हवा, आणि तो माणूस लेखक नसावा. लेखकाला स्वतःची चूक दिसत नाही.

कागद २३×३६ इंचांचा घेतला की एका तावातून (मोठ्या अखंड कागदातून) डेमीची ३२ पाने निघतात. १६० पानांना ५ ताव, म्हणून ५०० प्रतींना ५ रीम (एक रीम म्हणजे ५०० ताव) आणि वर थोडी नासाडी. पाने १६ च्या पटीत बसवा. १६३ झाली तर तीन पानांसाठी जादा फॉर्मचा (एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांच्या संचाचा) खर्च पडतो. कागदाचे तंतू पुस्तकाच्या कण्याला (बांधणीच्या बाजूला) समांतर हवेत, नाहीतर पुस्तक नीट उघडत नाही आणि पावसाळ्यात पाने लाटांसारखी वळतात. मुखपृष्ठाची अंतिम फाइल पानसंख्या आणि कागद ठरल्यावरच करा, कारण कण्याची जाडी दोन्हींवर अवलंबून असते.

ऑगस्टपासून छापखाने दिवाळी अंकांत गुंतलेले असतात. दिवाळीत प्रकाशन समारंभ हवा असेल तर मुद्रितशोधन झालेला मजकूर जूनमध्ये द्या.

कागदपत्रे

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्जावर विनामूल्य मिळतो. तो स्वतःच्या नावाने घ्या. १९५४ च्या ग्रंथ-वितरण कायद्याने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेली ग्रंथालये यांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. स्वतः काढलेत की प्रकाशक तुम्हीच, म्हणून ही जबाबदारीही तुमचीच.

प्रकाशकाशी करार लेखीच करा. हक्क किती वर्षांसाठी हे करारात लिहिलेले नसेल तर कायद्याने ५ वर्षे धरतात. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर सही थांबवा. अनुवाद, ई-पुस्तक, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या.

लेखकाकडून पैसे घेऊन स्वतःचे नाव लावणाऱ्यांना तीन गोष्टी लेखी विचारा: नेमक्या किती प्रती छापणार, आयएसबीएन कोणाच्या नावाने आणि मांडणीची मूळ फाइल कोणाकडे राहणार. यांतले एकही उत्तर तोंडी मिळाले तर पैसे देऊ नका.

आमच्याकडे येताना

युनिकोडमधील एकच सलग फाइल, छायाचित्रे वेगळी आणि ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके, म्हणजे छपाईला पुरेशी स्पष्ट), आणि थेट पुस्तक घेतील अशा लोकांची यादी आणा. यादी कच्ची असली तरी चालेल. किती प्रती छापायच्या हे तिच्यावरूनच ठरवू.