उभी तार जागेवर परतते तेव्हा

जुन्या टेनिस सामन्यांत एक दृश्य हमखास दिसतं. गुण संपला की खेळाडू रॅकेट समोर धरून बोटांनी तारा सरळ करत बसतो. फटक्याने उभ्या तारा बाजूला सरकत आणि तिथेच अडकून राहत.

रॅकेटला तारा बसवायच्या कामाला आपण आजही ‘गटिंग’ म्हणतो. गट म्हणजे आतडं. भारी प्रतीची तार जनावराच्या आतड्यापासून बनते. ती मऊ आणि लवचीक असते, पण तारेवर तार घासली की खाच पडते आणि तार तिथे रुतते.

१९९७ साली जागतिक क्रमवारीत ६६वा असलेला ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तेन लक्झिलॉन कंपनीच्या पॉलिएस्टर तारा लावून फ्रेंच ओपन जिंकला. ही तार कडक आणि गुळगुळीत. चेंडू तारांवर टेकतो जेमतेम पाच मिलिसेकंद. रॅकेट खालून वर घासत नेली की उभ्या तारा बाजूला ओढल्या जातात आणि चेंडू सुटायच्या आत सर्रकन परततात. परतताना चेंडूला जादा फिरकी देऊन जातात. मला टेनिसमधली ही सर्वांत सुंदर यंत्रणा वाटते!

टॉपस्पिनने, म्हणजे पुढच्या दिशेने गरगर फिरणारा चेंडू हवेला वर ढकलतो, म्हणून हवा त्याला खाली दाबते. त्यामुळे नेटच्या बऱ्याच वरून, पूर्ण ताकदीने मारलेला फटकाही कोर्टातच पडतो. मोठ्या, हलक्या ग्रॅफाइट रॅकेटींनी असा जोरदार झोका घ्यायची मोकळीक आधीच दिली होती. फटका सोसावा लागला तो नेटकडे धावणाऱ्यांना, कारण चेंडू आता त्यांच्या पायांशी बुडू लागला. २००२च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात ह्युइट आणि नाल्बांडियान बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेवरूनच खेळले. तिथलं गवत २००१ मध्ये बदललं होतं, त्याचाही यात वाटा होता हे खरं. पण हार्ड कोर्टवरही सर्व्ह-व्हॉली, म्हणजे सर्व्ह करून लगेच नेटकडे धावायची शैली, आटतच गेली.

ही कल्पना त्याआधी वीस वर्षं येऊन गेली होती. १९७७ मध्ये ‘स्पॅगेटी’ नावाची रॅकेट घेतलेल्या रुमानियाच्या नास्तासेसमोर दोन सेट गमावून अर्जेंटिनाचा गिलेर्मो व्हिलास सामना सोडून गेला आणि क्ले कोर्टवरची त्याची सलग ५३ विजयांची मालिका तुटली. त्या रॅकेटच्या उभ्या-आडव्या तारा विणलेल्याच नव्हत्या, त्यामुळे उभ्या मोकाट सरकत. लगेच बंदी आली आणि तारा एकमेकींत विणलेल्या हव्यात असा नियम झाला. पॉलिएस्टरच्या तारा नियमाप्रमाणे विणलेल्याच असतात, फक्त घसरतात.