नाक मोठं नाही, हात तोकडा आहे

गेल्या रविवारी पांडवलेणीवर तीन नंबरच्या लेण्यासमोर एक मुलगी बराच वेळ घुटमळत होती. हात लांब करून सेल्फी काढायची, बघायची, डिलीट करायची, पुन्हा काढायची. मी उतरायला निघालो तेव्हा तिनं धीर करून विचारलं, "काका, एक फोटो काढून द्याल का? सॉरी हं, तुम्हाला त्रास देतेय." लातूरहून एकटीच नाशिक बघायला आली होती. फोन माझ्या हातात देताना म्हणाली, "याचा पुढचा कॅमेरा बेकार आहे. नाक केवढं दाखवतो बघा. दिवाळीला बदलणारच आहे."

फोटो मी काढून दिला, पण तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या पुतणीची तक्रार हीच आहे, शेजारच्या वहिनींचीही हीच. सेल्फीत नाक मोठं दिसतं आणि त्याचं खापर प्रत्येक जण कॅमेऱ्यावर फोडतो, नाहीतर स्वतःच्या चेहऱ्यावर. खरं कारण या दोन्हींत नाही. ते आहे अंतरात. आपला हात जेमतेम पाऊण मीटरचा, त्यात तो कोपरात वाकलेला, म्हणून फोन चेहऱ्यापासून चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर राहतो. सगळी गडबड तिथे होते.

घरी करून बघा. एकाच मापाच्या दोन स्टीलच्या वाट्या टेबलावर ठेवा, एकीच्या मागे जरा बाजूला दुसरी, दोघींत १२ सेंटिमीटर अंतर. आता फोन पुढच्या वाटीपासून ४० सेंटिमीटरवर धरून फोटो काढा. मग अडीच मीटर मागे जाऊन, झूम करून, दुसरा काढा. पहिल्या फोटोत पुढची वाटी मागचीपेक्षा चांगली ठसठशीत मोठी दिसेल. दुसऱ्यात दोघी जवळजवळ सारख्या.

हिशोब शाळेतलाच आहे. वस्तू जितकी दूर तितकी तिची प्रतिमा लहान; अंतर दुप्पट झालं की प्रतिमा निम्मी. नाकाचा शेंडा आणि कान यांच्यात साधारण १२ सेंटिमीटरचं अंतर असतं, मी माझंच फूटपट्टी लावून मोजलं. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ वर. ५२ भागिले ४० म्हणजे १.३. याचा अर्थ कानाच्या मानाने नाक ३० टक्के जास्त मोठं उमटतं. तोच कॅमेरा अडीच मीटरवर नेला तर २६२ भागिले २५०, म्हणजे जेमतेम ५ टक्के. चेहरा तोच, नाक तेच. फक्त फोन हातभर अंतरावरून चार पावलांवर गेला.

अमेरिकेत २०१८ साली डॉक्टर आणि संगणकतज्ज्ञांनी मिळून हेच गणित चेहऱ्याच्या प्रतिकृतीवर मांडलं. १२ इंचांवरून घेतलेल्या फोटोत नाकाची रुंदी ५ फुटांवरून घेतलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे ३० टक्के जास्त दिसते, असं त्यांना आढळलं. ते या वाटेला का गेले, तर सेल्फी दाखवून नाकाची शस्त्रक्रिया मागणारे लोक वाढले होते म्हणून. तिकडच्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत ५५ टक्के सर्जनांनी सांगितलं की, सेल्फीत बरं दिसावं म्हणून शस्त्रक्रिया मागणारे रुग्ण त्यांच्याकडे आले. भूमितीच्या एका भागाकारासाठी माणसं भूल घेऊन टेबलावर झोपायला तयार होतात, हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं.

इथे एक रास्त शंका येते. आपण जवळच्या माणसाचा चेहरा चाळीस सेंटिमीटरवरून बघतोच की. बाळाला मांडीवर घेतो, तेव्हा त्याचं नाक फुगलेलं का दिसत नाही? हा भाग मला सर्वांत आवडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

डोळ्यावर पडणारी प्रतिमा तेव्हाही तशीच फुगलेली असते. पण समोरचा चेहरा किती जवळ आहे हे मेंदूला ठाऊक असतं. दोन डोळ्यांना मिळणारी दोन वेगळी दृश्यं, डोळे आत वळवताना स्नायूंवर येणारा ताण, चेहऱ्याने नजरेत व्यापलेली जागा, या सगळ्यांवरून मेंदू अंतर ओळखतो आणि त्या हिशोबाने आकार समजून घेतो. चेहरा १५ सेंटिमीटर रुंद धरला तर चाळीस सेंटिमीटरवरून तो नजरेत साधारण २१ अंशांचा कोन व्यापतो. आता तोच चेहरा सेल्फीत आला. मोबाईलच्या पडद्यावर तो समजा ४ सेंटिमीटर रुंद आहे आणि आपण फोन ३५ सेंटिमीटरवर धरून बघतोय. हा कोन झाला साडेसहा अंशांचा. खऱ्या चेहऱ्याने इतका लहान कोन व्यापायचा तर तो सव्वा मीटरच्याही पलीकडे असायला हवा. म्हणजे आकारमान सांगतं, "हा माणूस सव्वा मीटरवर उभा आहे," आणि नाक-कानाचं प्रमाण सांगतं, "हा चाळीस सेंटिमीटरवर आहे." पडदा सपाट, त्यामुळे दोन डोळ्यांची साक्ष कामी येत नाही. मग मेंदू उरलेला एकच अर्थ लावतो: माणूस सव्वा मीटरवर आहे, आणि त्याचं नाकच मोठं आहे.

आरशात हा प्रश्न फारसा येत नाही, कारण आरसा चाळीस सेंटिमीटरवर असला तरी त्यातली प्रतिमा आपल्यापासून ऐंशीवर असते.

याचा परिणाम दिसण्यापुरताच थांबत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तेच चेहरे ४५ आणि १३५ सेंटिमीटरवरून टिपून लोकांना दाखवले गेले. जवळून काढलेल्या फोटोंतली माणसं लोकांना कमी विश्वासू, कमी आकर्षक, कमी कर्तबगार वाटली. कारण मात्र बघणाऱ्यांच्या लक्षात येत नव्हतं.

तेव्हा लेन्स बदलून, मेगापिक्सेल वाढवून यातलं काहीही सुटत नाही. मेगापिक्सेल वाढले की तेच फुगलेलं नाक आणखी बारकाव्यांसह दिसतं. चाळीस हजारांचा फोन असो की आठ हजारांचा, चाळीस सेंटिमीटरवरून दोघांचं गणित एकच. दुकानात "याची सेल्फी भारी येते" म्हणून विकतात ते बहुतेक करून त्वचा गुळगुळीत करणारं, नाक बारीक करणारं सॉफ्टवेअर असतं. आधी अंतराने बिघडवायचं आणि मग आकडेमोड करून खोटं दुरुस्त करायचं, यापेक्षा चार पावलं लांब उभा राहणारा माणूस शोधणं मला जास्त शास्त्रीय वाटतं.

लेन्सचा दोष मुळीच नसतो असंही नाही, पण तो वेगळ्या जागी असतो. बॅटरीचा झोत भिंतीवर सरळ टाकला की गोल पडतो, तिरका टाकला की लंबगोल. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चकतीही भिंतीसारखी सपाट आहे. कडेच्या वस्तूंचा प्रकाश त्यावर तिरका पडतो आणि त्या ताणल्या जातात. मध्यापासून ३५ अंश बाजूला असलेलं डोकं साधारण २० टक्के रुंद उमटतं. ग्रुप फोटोत कडेला उभी असलेली मावशी नेहमी जाड का दिसते, याचं उत्तर हे. काही फोन हे आपोआप सुधारतात, तरी आडव्या फोटोत माणूस अगदी कडेला नको.

आता पांडवलेणीकडे परत. तीन नंबरच्या लेण्याच्या ओसरीखाली तुळया खांद्यावर पेललेले सहा धिप्पाड यक्ष कोरलेले आहेत. सातवाहनांच्या काळातलं काम, आणि गौतमीपुत्र सातकर्णीचं मोठेपण सांगणारा प्रसिद्ध शिलालेख याच लेण्यात आहे. त्या मुलीला फोटोत हे यक्ष हवे होते आणि तिच्या सेल्फीत ते चिमुकले येत होते. ती लेण्यापासून दोन मीटर पुढे उभी. फोन तिच्यापासून अर्ध्या मीटरवर, म्हणजे यक्षांपासून अडीचवर. यक्ष तिच्या पाचपट लांब, म्हणून तिच्या मानाने पाचपट लहान. मी तिच्यापासून तीन मीटर मागे गेलो. आता यक्ष पाच मीटरवर, तिच्यापेक्षा दीडपटीहून जरासेच जास्त लांब. मग दोनपट झूम केला. ती पुरेशी मोठी, आणि यक्षही तिच्या मागे भारदस्त बसलेले. त्र्यंबकला ब्रह्मगिरी "डोळ्यांना केवढा आणि फोटोत टेकडी" असा येतो, त्यावरही उपाय हाच. डोंगर दोन किलोमीटरवर असेल तर फोटो काढणारा दहा मीटर मागे गेला तरी डोंगराला काही फरक पडत नाही, लहान होतो तो फक्त माणूस. तेवढा झूम केला की माणूस पूर्ववत आणि डोंगर कितीतरी मोठा.

हे सगळं करायला अनोळखी माणूस लागतो, आणि गाडी अडते ती तिथे. "सॉरी हं, त्रास देतेय" हे वाक्य मी रामकुंडावर, दुतोंड्या मारुतीपाशी, सोमेश्वरच्या धबधब्यावर कितीदा ऐकलंय. हा संकोचही मोजला गेलाय. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला सांगितलं आणि आधी विचारलं, होकार मिळेपर्यंत किती जणांना विचारावं लागेल? त्यांचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. २०२२ च्या आणखी एका अभ्यासात तर नेमका आपलाच प्रसंग होता: बागेत फिरायला आलेल्यांनी अनोळखी माणसाला "माझा फोटो काढाल का?" असं विचारायचं. विचारणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा समोरची माणसं जास्त खुशीने तयार झाली आणि मदत करून त्यांना जास्त बरं वाटलं. त्यांना होणाऱ्या गैरसोयीचा विचारणाऱ्यांनी केलेला अंदाजही वाजवीपेक्षा मोठा होता.

पांडवलेणीच्या पायथ्याशीच दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस सिनेमाकडे वळण्याआधी छायाचित्रणाचा व्यवसाय करत होता. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, फोटो काढला की आयुष्य घटतं, या समजुतीचा त्यांच्या धंद्याला फटका बसला असं सांगतात. आजही लहान मुलाचा फोटो काढला की नजर लागते म्हणणारी शिकलेली घरं मी नाशकात बघतो. फोटोत चेहऱ्यावरून परतलेला प्रकाश तेवढा टिपला जातो. तो टिपला नसता तरी भिंतीवर पडून संपलाच असता. माणसाचं काहीच जात नाही. जीव जातो तो हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर, नाहीतर धरणाच्या काठावर फ्रेमसाठी एक पाऊल मागे सरकताना. २०११ ते २०१७ या काळात जगभरच्या बातम्यांत सेल्फी काढताना झालेले २५९ मृत्यू संशोधकांना सापडले, आणि त्यांत सर्वाधिक भारतातले होते. काढणारा दुसरा असला की तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि नजर पायाखाली ठेवता येते.

त्या मुलीने माझा फोटो बघितला आणि क्षणभर गप्प राहिली. "छान आलाय, पण मी अशी दिसते?" यालाही कारण आहे. आपण जन्मभर स्वतःला आरशात बघतो, भांग उलट्या बाजूला. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा आरशासारखा उलटा फोटो जास्त आवडला, त्यांच्या मित्रमैत्रिणींना मात्र सरळ. मी तिला म्हटलं, "हा फोटो घरी आईला दाखव. तिला तू अशीच माहीत आहेस."

ती पायऱ्यांकडे निघाली तेवढ्यात मालेगावहून आलेल्या एका जोडप्याने तिला थांबवलं. "ताई, आमचा एक काढता का?" तिनं त्यांचा फोन घेतला, यक्षांकडे बघितलं आणि मोजून चार पावलं मागे गेली.