गिरणी कामगारांचं घर: पात्रता कशी ठरते आणि कुठला कागद चालतो

लालबागच्या उड्डाणपुलावरून दोन्ही बाजूंना जे टॉवर दिसतात, त्यांतले कितीतरी एकेकाळच्या गिरण्यांच्या आवारात उभे आहेत. गिरणगावात असे काही टॉवर म्हाडाचेही आहेत. त्यांत २२५ चौरस फुटांच्या घरांत गिरणी कामगार किंवा त्यांचे वारस राहतात. हे घर कुणाला मिळू शकतं आणि त्यासाठी घरातली कुठली जुनी पिशवी उघडायची, ते इथे सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. बंद गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर एक वाटा महापालिकेला मैदान-बगिच्यासाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी ही वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. म्हणजे ज्या जागेवर शेड उभी होती, ती हिशेबातून गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. म्हाडाच्या वाट्यावर जी घरं होतात, त्यांतली दोन तृतीयांश कामगारांना मिळतात आणि बाकीची संक्रमण शिबिरासाठी, म्हणजे रहिवाशांच्या तात्पुरत्या सोयीसाठी, जातात. अर्ज मात्र सुमारे पावणेदोन लाख आहेत. म्हणून सोडत. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. १ मार्च २०२० ला बॉम्बे डाईंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिलच्या ३,८९४ घरांची निघाली आणि त्या घराची किंमत साडेनऊ लाख होती. त्याच भागातल्या खासगी टॉवरमध्ये एवढ्या पैशांत गाडी लावायची जागाही मिळणार नाही.

पात्रतेची मुख्य अट एकच आहे. मुंबईतल्या ५८ गिरण्यांपैकी एखाद्या गिरणीत कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असला पाहिजे. ही तारीख नीट बघा. गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला १८ जानेवारीला, म्हणजे त्यानंतर सतरा दिवसांनी. संपात उतरून पुन्हा कधीच गिरणीत न गेलेला माणूसही यात बसतो. ‘आमचे बाबा संपात गेले, मग आमचा काय हक्क’ असं म्हणून कागद न शोधणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांनी आधी तारीख वाचायला हवी होती. उलट १९७९-८० लाच राजीनामा देऊन गावी गेलेल्याचा अर्ज टिकत नाही, मग नोकरी वीस वर्षांची का असेना. एका कामगारामागे घर एकच. तीन गिरण्यांत काम केलं म्हणून तीन घरं मिळत नाहीत आणि चार मुलं आहेत म्हणून चारही नाहीत.

आता कागद. म्हाडाने १४ सप्टेंबर २०२३ पासून पात्रता निश्चितीची विशेष मोहीम घेतली. आधी अर्ज केलेल्या, पण घर न लागलेल्या सुमारे दीड लाख कामगार-वारसांसाठी ती होती, नव्या अर्जांसाठी नव्हे. तेव्हा मागितलेले पुरावे असे: गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, सर्व्हिस सर्टिफिकेट, लाल पास, हजेरीपत्रक, रजेच्या रजिस्टरची प्रत, पगाराची पावती, ग्रॅच्युइटी दिल्याचा आदेश, भविष्य निर्वाह निधीचा किंवा ईएसआयसीचा क्रमांक. सोबत आधार कार्ड. यादी लांब असली तरी घाबरू नका, सगळं कुणाकडेच नसतं. माझ्या मते दोन कागद भक्कम: ज्यावर गिरणीचं नाव, तिकीट नंबर आणि १ जानेवारी १९८२ ची किंवा त्यानंतरची तारीख एकत्र आहे अशी पगाराची पावती, किंवा फंडाच्या हिशेबाचा आदेश. नुसत्या ओळखपत्रावर बऱ्याचदा तारीखच नसते.

अडतं ते बहुधा नावावर. मस्टरवर लिहिलंय ‘पांडू बाळू’, आधारवर ‘पांडुरंग बाळकृष्ण’, आडनाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाहीच. त्या काळी खात्यातल्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा आणि त्यात तिकीट नंबर व खातं लिहा. साचाखातं (विणकामाचं) की त्रासनखातं (सूतकताईचं) हे आईला विचारलंत तर ती झोपेतूनही सांगेल. बदली कामगारांनी, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतलेल्यांनी, तर जास्तच काळजी घ्यावी, कारण त्यांच्या हजेरीत खंड असतात.

कामगार हयात नसेल तर मृत्यू दाखला, वारस दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र लागतं. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सातबाऱ्यावर तलाठ्याने केलेली वारस नोंद म्हणजे वारस दाखला नव्हे. दाखला दिवाणी न्यायालयातून घ्यावा लागतो. नोटीस प्रसिद्ध होते, हरकतींसाठी मुदत जाते, त्यामुळे सोडतीत नाव लागण्याची वाट न बघता दाखल्यासाठी न्यायालयात अर्ज टाकून ठेवा. बहिणीची सही घ्यायची राहिली म्हणून चावी अडकलेली प्रकरणं कमी नाहीत.

सोडतीत नाव लागलं की म्हाडाचं सूचनापत्र येतं. मग कागदांची छाननी, पात्र ठरलात तर देकार पत्र (घर देऊ केल्याचं पत्र), पैसे भरणे, मुद्रांक शुल्क आणि ताबा. अपात्र ठरवलं तर कारण लेखी मागा आणि मुदतीत अपील करा. तोंडी ‘बघू’ला काही अर्थ नाही. यात दलालाचं काहीच काम नसतं. सोडत संगणकावर निघते आणि तिथे कुणाची ओळख चालत नाही.

मुंबईत जागा पुरत नाही म्हणून सरकारने मुंबईबाहेर, बदलापूरच्या पुढे असलेल्या शेलू आणि वांगणीच्या घरांचा पर्याय काढला आहे. अनेक कामगार संघटनांचा त्याला विरोध आहे, त्यांना घर मुंबईतच हवं आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यातलं प्रत्येक कलम वाचून घ्या, विशेषतः घर नाकारलं तर पुढे काय, हे.

आणि पत्ता. अर्ज भरला तेव्हा लिहिलेली चाळच आता पाडली गेली आहे. सूचनापत्र तिथे जातं आणि परत येतं. बदललेला पत्ता आणि मोबाइल नंबर म्हाडाला लेखी कळवा आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.