पाचशेच्या डिस्कचे १२७ जीबीच का दिसतात?

देवगडला काकांच्या आंब्याच्या वखारीत २००१ सालचा कॉम्प्युटर अजून चालू आहे. विंडोज एक्सपी, पेट्यांचा सगळा हिशोब आणि मागच्या जाड पॅरलल पोर्टला लावलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, त्या प्रिंटरसाठीच मशीन बदलायचं नाहीये. ऐन मे महिन्यात डिस्क टकटक करायला लागली (असा आवाज आला की आधी डेटा बाहेर काढा, बाकीचं नंतर), काकांनी बाजारातून ५०० जीबीची साटा (नव्या प्रकारच्या जोडणीची) डिस्क आणि ती आयडीईला, म्हणजे बोर्डावरच्या जुन्या रुंद पट्टीच्या जोडणीला, जोडायचा कन्व्हर्टर आणला, लावून घेतला आणि मला फोन, "अरे, पाचशेची डिस्क हाडलंय नि हय एकशेसत्तावीसच दिसतत!"

डिस्क बरोबर होती. तीच डिस्क बाहेरून जोडायच्या केसमध्ये (डबीत) घालून माझ्या लॅपटॉपला लावली तर पूर्ण ४६५ दिसले, म्हणजे ५०० जीबीच, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं म्हणून आकडा कमी दिसतो. अडचण कंट्रोलरकडे, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या बोर्डावरच्या चिपकडे होती.

डिस्कवरची जागा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये वाटलेली असते आणि प्रत्येक सेक्टरला नंबर असतो. जुन्या आयडीईमध्ये हा नंबर २८ बिटांचा, त्यात साधारण २६ कोटी ८४ लाख नंबर बसतात, गुणिले ५१२ केले की १३७ अब्ज बाइट, म्हणजे विंडोजच्या मोजणीत तेच १२७-१२८ जीबी, संपलं. पेट्यांवर नंबर मारायचा शिक्का तीन आकडी असला तर ९९९ नंतर काय करणार? परत ०००. काही जुन्या सिस्टीम नेमकं हेच करतात, मर्यादेपुढचं लिहिताना डिस्कच्या सुरुवातीलाच लिहितात आणि तिथला हिशोब पुसला जातो. म्हणून कमी जागा दिसतेय तर दिसू दे, असं म्हणून पुढे जाऊ नका. २००२ च्या सुमारास ४८ बिटांचा नंबर आला, एक्सपीला तो सर्व्हिस पॅक १ पासून कळतो, पण बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) आणि कंट्रोलरलाही कळायला हवा, तिघांतला एक जरी जुना राहिला तर अडलंच.

मग करायचं काय? माझं मत, हिशोबाच्या मशीनला १२० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची डिस्क) घ्या. ती मर्यादेच्या आतच आहे, कन्व्हर्टरवर चालते, जंपर (पिनांवरची छोटी टोपी) तेवढा मास्टरला, म्हणजे केबलवरची मुख्य डिस्क या जागी ठेवा आणि पट्टीची केबल ८० तारांची घ्या, ४० वाली हळू चालते. जास्त जागा हवीच असेल तर पीसीआय स्लॉटमध्ये साटा कार्ड बसवा, त्याचा कंट्रोलर वेगळा त्यामुळे बोर्डाची मर्यादा लागू होत नाही, पण कार्डावर स्वतःचं बायोस नसेल तर त्यावरून बूट होणार नाही, आणि एक्सपीचा ड्रायव्हर मिळतो का ते पैसे देण्याआधी बघा. २००३-०४ च्या बोर्डावर साटा असेल तरी काही चिपसेट, उदा. व्हीआयएचा व्हीटी ८२३७, सेकंदाला ३ गिगाबिट वेगाची डिस्क ओळखतच नाहीत, डिस्कवरचा जंपर लावून वेग १.५ वर आणावा लागतो.

आणि आपल्याकडची खारी दमट हवा विसरू नका. कार्ड बसवायच्या आधी त्याचे पिवळे दात साध्या खोडरबराने पुसून घ्या. काकांकडे जुनी केबल काढली तर पिनांवर हिरवट थर होता, ती तशीच परत लावली असती तर नवी डिस्कही मधूनमधून गायब झाली असती आणि सगळे डिस्कलाच दोष देत बसले असते. केबल बदलली, एसएसडी लावली, दुपारपर्यंत बिलं छापायला सुरुवात झाली. पाचशेची डिस्क आता केसमध्ये आहे, बॅकअपला.