हँडीकॅमचे चित्र उतरले, आवाज कुठे राहिला? : पार्श्वभूमी

गोव्यात १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत घरोघरी जे चित्रीकरण झाले, त्यात ऐकण्याचा भाग पाहण्याइतकाच मोठा आहे. वास्कोच्या सप्ताहातले पार म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मिरवणुका, देवळाच्या मंडपातले उत्सवी मराठी नाटक, शिगम्याचे रोमट म्हणजे ढोल-ताशांची मिरवणूक, बारशाला आजीने म्हटलेला पाळणा, हे सारे मुके झाले तर मागे फारसे काही उरत नाही. या कॅसेट संगणकावर उतरवताना चित्र येते आणि आवाज येत नाही, ही तक्रार तेव्हापासून आहे. बहुतेक वेळा आवाज कॅसेटवर शाबूत असतो, वाटेत गळतो. कुठे गळतो, हे त्या काळच्या यंत्रांनी तो कुठे ठेवला होता त्यावर ठरते.

म्हणून पहिली तपासणी संगणकापाशी करायचीच नाही. कॅसेट कॅमेऱ्यातच चालवावी आणि कॅमेऱ्याच्या सॉकेटला हेडफोन लावून ऐकावे. तिथेही शांतता असेल, तर दोष बहुधा चित्रीकरणाच्या वेळचा असतो. बाहेरचा माइक जोडला की कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक बंद पडतो. त्या बाहेरच्या माइकचा सेल संपलेला असेल, तर आख्खे भजन मुके राहते आणि ते परत मिळत नाही. आवाज एकाच, डाव्या कानात येत असेल, तर बहुधा स्टिरिओ सॉकेटमध्ये मोनो पिन घातली गेली होती. तो डावा चॅनल संगणकावर उजव्या बाजूलाही उतरवून घेता येतो.

१९८५ च्या व्हिडिओ ८ आणि १९८९ च्या हाय ८ कॅसेटवर आवाज चित्राच्याच तिरक्या पट्ट्यांमध्ये, वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर बसवलेला होता. तिथे गळती होते ती वायरीत. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण कॅमेऱ्याच्या टोकाला असलेल्या चार कड्यांच्या ३.५ मिमी पिनेत कोणत्या कडीला काय जोडायचे, याबाबत कंपन्यांचे कधी एकमत झाले नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याची वायर लावली की लाल पिनेतून चित्र आणि पिवळीतून आवाज येतो, किंवा नुसती घरघर ऐकू येते. पिना आलटून-पालटून पाहाव्यात. ग्राउंडची कडीच वेगळी असेल तर वायर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

१९९५ मध्ये मिनी डीव्ही आली आणि आवाज आकड्यांत गेला. त्याचे दोन प्रकार होते: १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनल, किंवा १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ, चार चॅनल. घरगुती कॅमेऱ्यांपैकी अनेक कारखान्यातूनच १२ बिटवर लावून येत. त्यात मूळ आवाज पहिल्या जोडीत, तर दुसरी जोडी मागाहून संगीत भरण्यासाठी रिकामी. कॅमेऱ्याच्या मेनूत ही दुसरी जोडी निवडलेली राहिली, तर कॅसेट मुकी वाटते. एकाच कॅसेटवर अर्धा भाग १२ आणि अर्धा १६ बिटचा असेल, तर काही प्रोग्राम सुरुवातीचा किलोहर्ट्झचा दर धरून बसतात. मग बदल झाला त्या जागेपासून आवाज जातो किंवा ओठांपासून सुटत जातो. अशा वेळी त्या जागी थांबून नवी फाइल सुरू करावी.

आपल्याकडच्या पावसाळ्याचाही यात वाटा आहे. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत डीव्हीचे एक चित्र १२ पट्ट्यांवर लिहिले जाते. पहिल्या सहांत एक चॅनल, पुढच्या सहांत दुसरा. दोन हेड, म्हणजे टेप वाचणारे कॅमेऱ्यातले भाग, आळीपाळीने या पट्ट्या वाचतात, त्यामुळे एकावर मळ साचला की दोन्ही चॅनलचे निम्मे नमुने जातात. चित्रातली तूट यंत्र आधीच्या चित्रावरून बुजवते, आवाजात तशी ठिगळे फारशी लावता येत नाहीत, म्हणून ते आवाज बंदच करते. चित्रात थोडे चौकोन आणि आवाज तुटक, ही मळक्या हेडची खूण. आधी कोरडी क्लीनिंग कॅसेट पाच-दहा सेकंद चालवावी, जास्त नाही. खिडकीतून रिळाच्या कडेला पांढुरकी बुरशी दिसली, तर ती कॅसेट कॅमेऱ्यात घालूच नये.

आवाज हरवण्याचे सर्वांत गुंतागुंतीचे कारण मात्र कॅसेटवर नव्हते, ते फाइलच्या रचनेत होते. फायरवायर या डिजिटल जोडणीने डीव्ही उतरवली की कॅसेटवरचे आकडे जसेच्या तसे येतात. (त्याच कॅमेऱ्यांवरचे यूएसबी अनेकदा फोटोंसाठी किंवा वेबकॅमच्या प्रतीच्या चित्रासाठीच असे. आवाजासाठी त्यावर अवलंबून राहणे चूक होते.) हे आकडे एव्हीआय फाइलमध्ये कसे ठेवायचे, यावर दोन पद्धती निघाल्या. टाइप १ मध्ये चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात गुंफलेले, कॅसेटवर असतात तसेच. टाइप २ मध्ये तोच प्रवाह, आणि शिवाय आवाजाची वेगळी काढलेली दुसरी प्रत.

विंडोजच्या १९९२ पासूनच्या जुन्या व्हिडिओ व्यवस्थेवर लिहिलेले प्रोग्राम आवाज वेगळ्याच प्रवाहात शोधत. टाइप १ मध्ये तो प्रवाहच नाही, त्यामुळे चित्र दिसे आणि आवाजाची पट्टी कोरी. नावाने गोंधळात भर घातली. १ आणि २ हे आकडे ना दर्जाचे ना आवृत्तीचे. दोन्ही फाइली पुढे .एव्हीआय लावूनच येत, त्यामुळे दुकानातून सीडी किंवा हार्डडिस्क घेणाऱ्याला फरक कळायला मार्गच नव्हता. विंडोजबरोबर फुकट मिळणारा संकलनाचा प्रोग्राम टाइप १ बनवायचा आणि दुसऱ्या कंपनीचा संकलनाचा प्रोग्राम ती मुकी दाखवायचा. दोष मात्र कॅसेटवर यायचा आणि चांगल्या कॅसेट पुसून पुन्हा वापरल्या जायच्या.

टाइप १ च्या बाजूचे म्हणणे खोटे नव्हते: मूळ प्रवाह अखंड राहतो, आवाज आणि चित्र कधी सुटत नाहीत. टाइप २ मध्ये बाहेरचा आवाज बदलला तरी आतला जुनाच राहतो, म्हणजे एका फाइलीत दोन आवाज. जागाही जास्त लागते. पालचे एक चित्र १,४४,००० बाइटचे, सेकंदाला २५, म्हणजे ३.६ एमबी आणि तासाला जवळपास १३ जीबी. टाइप २ चा वेगळा आवाज सेकंदाला १,९२,००० बाइट घेतो, तासाला सुमारे ०.७ जीबी. पण या पाच टक्क्यांच्या बचतीसाठी घरगुती माणसाच्या हाती टाइप १ देणे आणि तसे न सांगणे हा निर्णय चुकला, असेच म्हणावे लागते.

दुरुस्ती सोपी आहे. फाइलची रचना दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या प्रोग्राममध्ये फाइल उघडावी. ऑडिओच्या भागात 'मक्सिंग मोड : डीव्ही' दिसले, तर आवाज आत आहे. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामने चित्र न बदलता तसेच कॉपी करावे आणि आवाज ४८ किलोहर्ट्झ पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या डिजिटल स्वरूपात, वेगळा काढावा. चित्राचा दर्जा जराही घसरत नाही.

कॅसेट जाऊन हार्डडिस्क आणि कार्ड आले, तसे कारण डीकोडरकडे, म्हणजे दाबलेला आवाज उलगडणाऱ्या प्रोग्रामकडे, सरकले. अशा काही कॅमेऱ्यांच्या .एमओडी फाइलमध्ये एमपेग २ चित्र. त्यातला गुंफलेला आवाज मॅकचे जुने क्विकटाइम रूपांतर करताना गाळत असे. २००६ च्या एव्हीसीएचडी या कॅमेऱ्यांच्या फाइल-प्रकारात (.एमटीएस फाइली) आवाज बहुधा एसी-३ या दाबलेल्या स्वरूपात. विंडोज एक्सपीत त्याचा डीकोडर नव्हता, आणि आता विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तो पुन्हा सोबत येत नाही. नव्या लॅपटॉपवर जुन्या .एमटीएस फाइली एकदम मुक्या होतात, त्याचे हे कारण. व्हीएलसी हा प्लेअर स्वतःचा डीकोडर बाळगतो, त्यात आवाज आला तर फाइल ठीक आहे. लांब चित्रीकरणाचे तुकडे मात्र सुटे जोडू नयेत, सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. कार्डावरचे पूर्ण फोल्डर कॉपी करून कॅमेऱ्याच्या प्रोग्रामनेच जोडावे.

२०१८ पासून आणखी एक अडथळा आला. कॅमेऱ्याच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिना संगणकाला जोडणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅप्चर डिव्हाइसचा आवाज संगणकाला मायक्रोफोन वाटतो. त्या वर्षी विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीने आणि मॅकच्या मोहावेने मायक्रोफोनला परवानगी सक्तीची केली. परवानगी नसेल, तर चित्र नीट आणि आवाजाचा काटा शून्यावर. विंडोजमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, मायक्रोफोन इथे डेस्कटॉप अ‍ॅप्सचे बटणही चालू हवे. ओबीएससारख्या चित्रण नोंदवणाऱ्या प्रोग्राममध्ये चित्राबरोबर आवाजाचे डिव्हाइस वेगळे निवडावे, नाहीतर लॅपटॉपचा माइक धरला जातो आणि नाटकातल्या स्वगताऐवजी खोलीतल्या पंख्याची घरघर नोंदवली जाते.

मॅकच्या २०२५ च्या टाहो आवृत्तीने फायरवायर पूर्ण काढून टाकले. मिनी डीव्ही कॅसेट अजून उतरवायच्या असतील, तर फायरवायर असलेला जुना संगणक अद्ययावत न करता तसाच बाजूला ठेवावा लागेल. त्यावर आधी दहा मिनिटे उतरवून, ती फाइल दुसऱ्या संगणकावर हेडफोनने ऐकून, मगच उरलेल्या कॅसेटना हात घालावा.