चुन्यातली वीट सुटते, सिमेंटमधली फुटते

इंदूरच्या रामबागेतला आमच्या मामांचा वाडा गेल्या उन्हाळ्यात पाडला. मी रोज सकाळी तिथं जाऊन उभा राहायचो. जुन्या भागातल्या विटा मजूर हातोडीच्या एकेका ठोक्यानं अख्ख्या सुट्या करत होते. 1970 नंतर वाढवलेल्या खोल्यांच्या विटांचे मात्र तुकडे होत होते.

फरक विटांमधल्या मसाल्याचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होतो, तरी सहसा विटेपेक्षा मऊच राहतो. घाव बसला की सांधा सुटतो. सिमेंट मात्र विटेला असं धरून बसतं की सांध्याआधी वीटच फुटते.

मग त्या तुकड्यांचं काय? इंदुरात देवगुराडियाला असा मलबा दळून त्याची खडी आणि पेव्हर ब्लॉक करण्याची सोय आहे. पण या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, म्हणून ती पाणी जास्त पिते. आधी भिजवली नाही तर काँक्रीटमधलंच पाणी ओढून घेते. म्हणूनच 2016 च्या भारतीय मानकानं सळईच्या काँक्रीटमध्ये जुनं काँक्रीट फोडून केलेली खडीसुद्धा एम25 या ताकदीच्या प्रतीपर्यंतच आणि 20 टक्क्यांपर्यंतच चालवून घेतली आहे; विटांच्या मलब्याची तर मुळीच नाही.

हे सगळं मलबा वेगवेगळा ठेवला तरच. आमच्याकडे जिप्समच्या फॉल्स सीलिंगचे तुकडे विटांच्या ढिगात गेले, आणि मला ते फार लागलं. जिप्सममधलं सल्फेट सिमेंटशी संयोग पावून फुगणारे स्फटिक तयार करतं. काँक्रीट आतून तडकतं.

म्हणून पाडकामात क्रम सांभाळायचा. आधी वीज तोडायची, दारं-खिडक्या, वायरी, सीलिंग उतरवायचं, मग छप्पर, मग वरून एकेक मजला. जीवही याच क्रमानं वाचतो. तुळया-पाटण भिंतींना बांधून ठेवतात. ती आधी काढली तर दुमजली भिंत एकटी उभी राहते, आणि वाड्यांत ती बहुधा शेजाऱ्यांशी सामायिक असते.

दुसरा धोका वरच्या मजल्यावर साचणाऱ्या ढिगाचा. राहत्या खोलीची जमीन साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखतात. फुटक्या विटांचा मीटरभर उंच ढीग तिथं हजार किलोच्या वर जातो, आणि शंभर वर्षांच्या लाकडाचा तर भरवसाच नसतो. तिसऱ्या दिवशी ठेकेदारानं असाच ढीग रचला होता. मामा ओरडले तेव्हा कुठं तो खाली उतरवला.

धुळीचं भान तर कुणालाच नव्हतं. वाळू-विटांच्या धुळीत सिलिका असते. तिचे सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, गमछातून आरपार जातात आणि फुप्फुसात रुतून बसतात. त्यातून होणारा फुप्फुसाचा आजार, सिलिकोसिस, बरा होत नाही. धूळ उडण्याआधीच पाणी मारणं, एवढाच सोपा उपाय. घमेली वाहणाऱ्या बाया ओढणी तोंडाला बांधून खोकत होत्या. चौथ्या दिवशी मामींनी अंगणातल्या बोअरिंगला पाइप जोडून दिला. पुढचे नऊ दिवस पाडकाम ओलं चाललं.