ठाणे–नवी मुंबई ते लंडन : हवाई अंतर व उड्डाणकाल

ठाणे व नवी मुंबई परिसरापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी आहे. थेट विमानाला तेथे पोहोचण्यास साधारणपणे नऊ ते दहा तास लागतात, तर परतीचा प्रवास बहुधा त्याहून लवकर होतो. अंतर भूमितीने ठरते आणि कायम राहते; उड्डाणकाल मात्र वारा, हवाई हद्दी आणि विमानतळांवरील गर्दी यांनुसार बदलतो.

गोलावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून, म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते अशा वर्तुळावरून जाते. नवी मुंबई सुमारे १९° उत्तर अक्षांशावर व ७३° पूर्व रेखांशावर आहे, तर लंडन ५१.५° उत्तर अक्षांशावर, शून्य रेखांशालगत आहे. या दोहोंमधील कंस सुमारे ६५° भरतो आणि दर अंशाला १११ किमी धरल्यास वरील अंतर मिळते. ही वाट पाकिस्तानचा नैर्ऋत्य भाग, इराण, काकेशस व युक्रेन यांवरून जाते. शाळेच्या भिंतीवरील मर्केटर नकाशात, म्हणजे अक्षांश-रेखांश सरळ रेषांनी दाखवणाऱ्या जगाच्या सपाट नकाशात, ती उत्तरेकडे वाकलेली दिसते. त्याच नकाशावर पट्टीने आखलेली सरळ रेघ प्रत्यक्षात सुमारे २०० किमी लांबची पडते.

प्रत्यक्षात ही जवळची वाट सहसा मिळत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानकंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो, इंधन जास्त लागते आणि वेळापत्रकही बदलते.

जाण्या-येण्याच्या वेळेतील फरकाचे मुख्य कारण वारा हे आहे. मध्य अक्षांशांत ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे, वाहतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात. ताशी ९०० किमी वेगाच्या विमानाला सरासरी ५० किमीचा वारा समोरून लागला, तर ७,२०० किमीसाठी सुमारे ८ तास २८ मिनिटे लागतील; तोच वारा पाठीशी असल्यास ७ तास ३५ मिनिटे पुरतील. तिकिटावर छापलेला काळ याहून मोठा असतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि हीथ्रोवर उतरण्यापूर्वी आकाशात घालाव्या लागणाऱ्या घिरट्याही धरलेल्या असतात. प्रवाशाने हाच काळ प्रमाण मानावा.

घड्याळामुळेही गोंधळ होतो. भारतीय प्रमाणवेळ लंडनच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असते, तर मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेचार तास. त्यामुळे जानेवारीत पहाटे दोनला निघून दहा तास उडालेले विमान लंडनच्या घड्याळाप्रमाणे सकाळी साडेसहाला उतरते आणि प्रवास साडेचार तासांचाच भासतो. उलट दिशेने सकाळी दहाला निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईत उतरते, तेव्हा येथे मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले असतात.

डिसेंबर २०२५ मध्ये उलवे-पनवेल परिसरातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली. हा विमानतळ आणि सहारचा जुना विमानतळ यांच्या जागांतील अंतराने लंडनच्या उड्डाणकालात जेमतेम दोन-तीन मिनिटांचा फरक पडू शकतो. खरा फरक रस्त्यावर पडतो : ठाणेकराला सहारसाठी पूर्व द्रुतगती महामार्ग धरावा लागतो, उलव्यासाठी ठाणे–बेलापूर रस्ता, आणि घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला संध्याकाळच्या कोंडीत यांपैकी कोणत्याही वाटेला लागण्यापूर्वीच बराच वेळ मोजावा लागतो.